भाडेकरूची पारख: पुण्यातील घरमालक, सिगारेट आणि सामाजिक पार्श्वभूमी

पुण्यात घर भाड्याने देताना घरमालक किंवा त्याच्या वतीने बोलणारा एजंट जे प्रश्न विचारतो, त्यांची यादी कोथरूडपासून खराडीपर्यंत साधारण सारखीच असते: नोकरी कुठे आहे, मूळ गाव कोणते, आडनाव काय, फॅमिली आहे की बॅचलर, नॉनव्हेज करता का, आणि सिगारेट-दारूचे काही आहे का. यांपैकी पहिला प्रश्न भाडे देण्याच्या ऐपतीचा आहे, शेवटचा सवयीचा आहे आणि मधले बहुतेक सामाजिक पार्श्वभूमीचे आहेत. परंतु विचारणाऱ्याच्या मनात त्यांची निरनिराळी खाती नसतात, कारण समोरचा माणूस एकंदरीत ‘कसा आहे’ हे एका बैठकीत ताडून पाहण्याची ती रीत असते. धूम्रपानाचा प्रश्न या यादीत विशेष अभ्यासण्याजोगा आहे, कारण तो एकाच वेळी दोन कामांसाठी वापरला जातो. घराच्या भिंती, आतील हवा आणि शेजारी यांना धुराचा त्रास होऊ नये, हे पहिले काम; आणि उमेदवाराचे वळण, घराणे व संगत यांचा अंदाज बांधणे, हे दुसरे. पहिल्या कामासाठी हा प्रश्न रास्त आहे. दुसऱ्यासाठी तो फारसा उपयोगाचा नाही, असे तंबाखूविषयीची आकडेवारी, इमारतींमधील हवेचे शास्त्र आणि भाड्याचा कायदा ही तिन्ही एकत्र पाहिली असता दिसून येते.

पारख करण्याची रीत कुठून आली

पेठांमधील वाड्यांत भाड्याने राहणारा माणूस हा ‘बिऱ्हाडकरू’ असे, आणि त्याची जागा चौरस फुटांत न मोजता खणांत मोजली जाई. दोन-तीन खणांच्या बिऱ्हाडाला स्वतःचा नळ किंवा संडास क्वचितच असे. चौक, जिना आणि पाणी ही सर्वांची सामाईक असत, आणि मालकही बहुधा त्याच वाड्यात राहत असल्यामुळे बिऱ्हाडकरूची जात, सोवळेओवळे व खाणेपिणे हा त्याच्या दृष्टीने रोजच्या शेजाराचा प्रश्न होता. ज्या काळी शिवाशिवीचे नियम पाण्याच्या सामाईक जागेवरच सर्वांत कडकपणे पाळले जात, त्या काळी या व्यवस्थेत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कुटुंबाला सवर्ण वस्तीत बिऱ्हाड मिळणे जवळजवळ अशक्य होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला, त्यामागे शहरात शिकायला आलेल्या मुलाला जातीमुळे राहण्याची सोय मिळत नाही, हेही एक कारण होते. परदेशात उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी १९१७ मध्ये तेथे गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शहरात जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागले आणि ओळख उघड होताच तेथूनही बाहेर पडावे लागले, हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. शिक्षण, पद आणि ऐपत हे तिन्ही असूनही पार्श्वभूमी आडवी येते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडणे कठीण.

स्वातंत्र्याच्या सुमारास या रीतीला कायद्याने एक नवे कारण पुरवले. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ मध्ये झाला आणि त्याने भाडे १९४० च्या पातळीशी जखडले. भाडेकरू ठरलेले भाडे देत राहिला, तर त्याला घराबाहेर काढणे मालकाला फार अवघड झाले. पुण्यालाही लागू असलेल्या या कायद्यातून वाट काढण्यासाठी मालकांनी ‘भाडेपट्टा’ न देता ‘परवाना’ देण्याची पद्धत अवलंबली. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. परवान्याने मात्र, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील व्याख्येप्रमाणे, जागा वापरण्याची केवळ मुभा मिळते. परंतु १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले, आणि कागदावर काहीही लिहिले तरी माणूस घरात शिरला की निघत नाही, ही समजूत मालकवर्गात कायमची रुजली. ज्या व्यवहारातून मागे फिरता येत नाही तेथे पारख आधीच करावी लागते. त्यामुळे भाडेकरू निवडणे हे सोयरीक जुळवण्यासारखे झाले, आणि सोयरिकीत विचारतात तेच प्रश्न (गाव, आडनाव, घराणे, व्यसन) येथेही विचारले जाऊ लागले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या प्रलयात नदीकाठच्या पेठांमधील असंख्य वाडे पडले, त्यानंतर शहर पेठांबाहेर झपाट्याने पसरले, आणि पुढे फ्लॅट व सहकारी गृहनिर्माण सोसायटी हे घराचे नेहमीचे रूप झाले. कायदाही बदलला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार, ज्याला सर्रास ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात त्या करारावर राहणाऱ्याने मुदत संपताच जागा सोडायची असते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्काइतकी नुकसानभरपाई मिळवू शकतो. कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसल्यास कराराच्या अटींबाबत वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. याचा अर्थ असा की, मागे न फिरता येण्याची जी भीती पारखीच्या मुळाशी होती ती बऱ्याच अंशी ओसरली आहे, सहसा अकरा महिन्यांसाठी केलेला करार मुदत भरताच आपोआप संपतो, तरी पारखीचे प्रश्न मात्र १९७३ चेच राहिले आहेत.

तंबाखूचे सामाजिक चित्र

पुण्यातील घरमालक ‘सिगारेट ओढता का’ असे विचारतो, तेव्हा तो महाराष्ट्रातील तंबाखूच्या एका लहानशा कोपऱ्याविषयीच विचारत असतो. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत, भारतातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात असे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे १०.७ टक्के होते, तर चघळणे, दाढेत धरणे किंवा दातांना लावणे अशा धूररहित प्रकारांनी तंबाखू घेणारे २१.४ टक्के होते. महाराष्ट्रात ही तफावत आणखी मोठी आहे: राज्यात एकूण २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, पण धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के आहेत, आणि धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. थोडक्यात, महाराष्ट्रात तंबाखू हे प्रामुख्याने चुन्याबरोबर मळण्याचे, खर्रा-गुटख्याच्या पुडीचे आणि मिश्रीचे व्यसन आहे. ओढण्याचे फार कमी.

धूम्रपानातही दोन जगे आहेत. देशभरात बिडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के आहेत; तेंदूच्या पानात तंबाखू गुंडाळून वळलेली बिडी मुख्यत्वे ग्रामीण व श्रमिक पुरुषांची, तर सिगारेट तुलनेने शहरी व शिकलेल्या वर्गाची आहे. एकूण तंबाखूसेवन मात्र शिक्षण व उत्पन्न वाढेल तसे घटत जाते. पाश्चात्त्य देशांत हा उतार एका पिढीत तयार झाला: १९५० मध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमध्ये धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला, आणि त्यानंतर सुशिक्षित वर्गाने सिगारेट आधी सोडली, कष्टकरी वर्गाने उशिरा, त्यामुळे तेथे सिगारेट ही हळूहळू गरिबीची खूण झाली. पुण्यात तिचा अर्थ तसा नाही. हिंजवडीच्या कंपनीसमोरील टपरीवर चहाबरोबर सिगारेट ओढणारा अभियंता आणि मार्केट यार्डात बिडी ओढणारा हमाल यांची सवय एकच असली, तरी पहिल्याकडे ‘मॉडर्न झालेला’ म्हणून आणि दुसऱ्याकडे ‘तसलाच’ म्हणून पाहिले जाते. आणि दुसरा तर त्या फ्लॅटच्या चौकशीपर्यंत पोचतही नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा दुटप्पीपणा सर्वांत स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया १.४ टक्के आहेत, परंतु सर्व प्रकार मिळून तंबाखू घेणाऱ्या स्त्रिया १७ टक्के आहेत, आणि त्यांतील मोठा वाटा मिश्रीचा, म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड दातांना लावण्याच्या जुन्या सवयीचा आहे. मिश्री लावणाऱ्या आजीच्या चारित्र्याविषयी कोणी शंका घेत नाही. मात्र विमाननगर किंवा औंधमध्ये नोकरीसाठी आलेल्या मुलीच्या हातात सिगारेट दिसली, तर तिच्या भाडेकराराची मुदत न वाढवण्यास तेवढे कारण पुरते. आरोग्याच्या दृष्टीने दोन्ही सवयी घातकच आहेत; तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर धूररहित तंबाखू विशेष कुप्रसिद्ध आहे. त्यामुळे येथे ज्या गोष्टीची परीक्षा होते ती तंबाखू नसून, कोणी कोणत्या रूपात व कोणासमोर ती घ्यावी याविषयीचा सामाजिक संकेत आहे.

घरात उरणारा धूर

संकेत बाजूला ठेवले तरी घराच्या दृष्टीने धूम्रपानाचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो काल्पनिक नाही. जळत्या तंबाखूच्या धुरात निकोटीन आणि चिकट डांबरासारखी द्रव्ये असतात. ती भिंती, छत, पडदे, गादी व एसीच्या जाळीवर बसतात. छतावर आणि पंख्याभोवती पिवळट तपकिरी थर धरतो, आणि त्यावर थेट डिस्टेंपर किंवा ऑइल बाँड मारला तर काही दिवसांत डाग वर उमटतात; म्हणून जाणकार रंगारी आधी भिंत धुऊन, डाग अडवणारा प्रायमर देऊन मगच रंग लावतो, आणि हा खर्च नेहमीच्या रंगकामापेक्षा अधिक येतो.

वास व डाग यांपलीकडचा भाग अलीकडे अभ्यासला गेला आहे. ओढणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याच्या श्वासात जाणारा धूर हा दुसऱ्या हातचा, म्हणजेच परोक्ष. तर सिगारेट विझून गेल्यावरही वस्तूंवर बसून राहणाऱ्या अवशेषाला ‘थर्डहँड स्मोक’, म्हणजे तिसऱ्या हातचा धूर म्हणतात, आणि ही संज्ञा २००९ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जोनाथन विनिकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखानंतर रूढ झाली. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखवले की, पृष्ठभागावरील निकोटीनचा हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग होऊन कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स तयार होतात; आणि हे नायट्रस आम्ल घरात प्रामुख्याने उघड्या ज्योतीच्या गॅस उपकरणांमुळे येते, ही बाब गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्या आपल्याकडील घरांच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातील जॉर्ज मॅट यांच्या गटाचा २०११ मधील अभ्यास तर थेट घर बदलण्याविषयीच आहे: धूम्रपान करणारे कुटुंब निघून गेल्यावर सुमारे दोन महिने रिकामी राहिलेली व नव्या रहिवाशांसाठी साफसूफ केलेली घरे तपासली असता, धुळीत व पृष्ठभागांवर निकोटीन आढळले, आणि तेथे राहायला आलेल्या धूम्रपान न करणाऱ्यांच्या बोटांवरही ते सापडले. जमिनीवर रांगणारे आणि हात तोंडात घालणारे मूल पुढच्या भाडेकरूच्या घरात असेल, तर या निष्कर्षाला अधिक महत्त्व येते.

शेजाऱ्यांचा प्रश्न इमारतीच्या रचनेतून निर्माण होतो. पुण्यातील बहुसंख्य इमारतींत बाथरूम व संडासाच्या झडपा एका उभ्या पोकळीत, म्हणजे डक्टमध्ये उघडतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये ओढलेल्या सिगारेटचा धूर या डक्टमधून वर चढतो आणि चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या झडपांतून आत शिरतो, आणि ‘मी घरात ओढतच नाही, बाथरूममध्ये ओढतो’ ही भाडेकरूची सबब त्यामुळे फोल ठरते. बाल्कनीतील धूर वरच्या बेडरूमच्या खिडकीत जातो आणि थोटूक खालच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. परोक्ष धूम्रपानाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही आणि हवा खेळती ठेवल्याने तो धोका नाहीसा होत नाही, हा २००६ च्या सर्जन जनरल अहवालाचा निष्कर्ष आहे. आणि २०१६-१७ च्या भारतीय सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढ घरातच परोक्ष धुराच्या संपर्कात येतात असे दिसले. याच तराजूत धूररहित तंबाखूही मोजली पाहिजे: तिने शेजाऱ्याच्या फुप्फुसाला अपाय होत नाही, पण जिन्याच्या कोपऱ्यांत, लिफ्टच्या भिंतीवर आणि बेसिनमध्ये ती लाल-तपकिरी खुणा सोडते, आणि त्या टाळण्यासाठी कोपऱ्या-कोपऱ्यांत देवादिकांच्या टाइल्स बसवण्याचा उपाय पुण्यातील असंख्य इमारतींनी केलेला आहे. असे असूनही ‘तंबाखू खाता का’ हा प्रश्न भाडेकरूला क्वचितच विचारला जातो.

अंदाजाचे अर्थशास्त्र

घरमालकाला मुळात तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: भाडे वेळेवर येईल का, घर नीट राहील का, आणि सोसायटीतून तक्रार तर येणार नाही ना. या तिन्ही गोष्टी भविष्यातल्या आहेत आणि त्यांची माहिती उमेदवाराकडे जास्त, मालकाकडे कमी असते. अर्थशास्त्रात या स्थितीला माहितीची विषमता म्हणतात. न दिसणाऱ्या गुणाचा अंदाज दिसणाऱ्या खुणेवरून बांधणे ही तिच्यावरची नेहमीची तोड आहे. परंतु खूण जेव्हा व्यक्तीच्या वर्तनाची नसून तिच्या गटाची असते, तेव्हा एडमंड फेल्प्स व केनेथ ॲरो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मांडलेला ‘सांख्यिकीय भेदभाव’ घडतो: एखाद्या गटाविषयीच्या खऱ्या किंवा मानलेल्या सरासरीवरून त्या गटातील प्रत्येक व्यक्तीचा निकाल लावला जातो. ‘बॅचलर म्हणजे पार्ट्या’, ‘बाहेरगावचा म्हणजे भाडे बुडवणार’ ही अशीच वाक्ये आहेत. द्वेष नसतानाही असा भेदभाव होऊ शकतो, हे या सिद्धान्ताचे सांगणे आहे. पण ज्याला दार बंद होते त्याच्या दृष्टीने या फरकाला फारसा अर्थ नसतो.

धूम्रपानाची चौकशी या साखळीत एक सभ्य पडदा पुरवते. जात किंवा धर्म या कारणाने नकार देणे आता उघडपणे बोलून दाखवले जात नाही. ‘आमच्याकडे सिगारेट-नॉनव्हेज चालत नाही’ किंवा ‘फक्त व्हेज फॅमिली’ असे म्हटले की तोच परिणाम साधतो आणि बोलणाऱ्याला वाईटपणाही येत नाही. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील पाच शहरांत घर शोधणाऱ्यांच्या अनुभवाचा केलेला आणि २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात मोलाचा आहे: उच्चवर्णीय, दलित व मुस्लिम नावांनी केलेल्या चौकशांना मिळालेल्या प्रतिसादांत मोठी तफावत आढळली, दलितांना व त्याहूनही अधिक प्रमाणात मुस्लिमांना नकार मिळाले, आणि होकार मिळाला तेथेही जादा भाडे किंवा जाचक अटी पुढे आल्या. तो अभ्यास दिल्लीचा असला, तरी प्रश्नांची जी यादी आरंभी दिली आहे तिच्यात आडनाव असणे, हे पुण्यातही ती चाळणी हाताशी असल्याचे पुरेसे चिन्ह आहे.

चाळणी म्हणूनही हा प्रश्न कमकुवत आहे, याचे कारण साधे आहे: त्याचे उत्तर तपासता येत नाही. ‘नाही’ म्हटले की घर मिळते आणि ‘हो’ म्हटले की जाते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे खोटे बोलणारा आत येतो आणि प्रामाणिकपणे ‘ओढतो, पण बाहेर जाऊन’ असे सांगणारा बाहेर राहतो. शिवाय सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी आणि वाकडमध्ये तिघांत फ्लॅट घेणारा नवा नोकरदार यांना, हातची जागा घालवून दुसरी शोधण्याइतका वेळ व पैसा नसल्यामुळे, खरे बोलणे परवडतही नाही.

कायदा कशाला हात घालतो

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरील बंदीचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे, कारण मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवरच सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये अशा बंदीचा आदेश दिला. पुढे २००३ चा सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कार्यालये, उपाहारगृहे, चित्रपटगृहे अशी ठिकाणे स्पष्टपणे बंदीखाली आणली. भंग केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. खासगी घराचा अंतर्भाग मात्र या बंदीत येत नाही. त्यामुळे भाड्याच्या फ्लॅटमध्ये धूम्रपान चालेल की नाही, हे राज्याने न ठरवता दोन पक्षांच्या करारावर सोडले आहे, आणि परवाना ही मुळात अटींवर दिलेली मुभा असल्यामुळे ‘घरात, बाल्कनीत व बाथरूममध्ये धूम्रपान करणार नाही’ ही अट घालण्यास कायद्याची आडकाठी नाही.

पार्श्वभूमीवरून नकार देण्याच्या बाबतीत चित्र विस्कळीत आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेशाबाबत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून होणारा भेदभाव निषिद्ध केला आहे. राहत्या घराचा उल्लेख त्यात नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. दुसऱ्या बाजूला, नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत निवासी जागा घेण्यास किंवा तेथे राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ च्या आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात घर भाड्याने घेण्याच्या हक्काबाबत भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे. धर्म, वैवाहिक स्थिती किंवा आहार यांवरून खासगी मालकाने दिलेल्या नकाराला आळा घालणारा सर्वसाधारण कायदा मात्र देशात नाही.

सोसायटीचे अधिकार या चर्चेत नेहमी फुगवून सांगितले जातात. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवणे आणि कराराची प्रत देणे अपेक्षित आहे, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार बिगर-वहिवाट शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. परंतु अविवाहितांना जागा देऊ नये, अशी तरतूद त्या उपविधींत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे ही सुरक्षिततेची बाब आहे, आणि ती प्रत्येक भाडेकरूला सारखीच लागू होते.

परदेशातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतात. अमेरिकेच्या १९६८ च्या न्याय्य निवास कायद्याने वंश, धर्म व राष्ट्रीय मूळ यांवरून भाडेकरू नाकारणे बेकायदा ठरवले आणि १९८८ मध्ये त्यात मुले असलेल्या कुटुंबांचीही भर घातली. धूम्रपान करणाऱ्यांना मात्र त्यात संरक्षण नाही, आणि जुलै २०१८ अखेरपर्यंत सर्व सार्वजनिक निवासांच्या आतील भागात सिगारेटबंदी लागू झाली. जर्मनीत उलट धोरण आहे: तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००८ मध्ये घरातील धूम्रपान हा जागेचा साधारण वापर मानला, पण नेहमीच्या रंगरंगोटीने न जाणारी खराबी झाली तर भरपाई देय ठरवली, आणि २०१५ मध्ये बाल्कनीतील धुराने त्रास होणाऱ्या शेजाऱ्यासाठी दिवसातील धूरमुक्त वेळा ठरवून देता येतील, असे सांगितले. दोन्ही देशांची धोरणे भिन्न असली, तरी दोन्ही ठिकाणी मोजमाप आहे ते धूर कुठे गेला व काय बिघडले याचे; ओढणारा कोण, याचे नाही.

अट लिहावी, अंदाज बांधू नये

पुण्यातील घरमालकाला याचा व्यवहारातला अर्थ असा निघतो की, धूम्रपानाचा प्रश्न मुलाखतीतून काढून करारात नेणे त्याच्या हिताचे आहे. ‘व्यसन नसावे’ अशी मोघम अट सिद्ध करता येत नाही आणि तिचा भंगही ठरवता येत नाही. त्याऐवजी फ्लॅटच्या कोणत्याही भागात, बाल्कनी व बाथरूमसह, धूम्रपान करायचे नाही, पाहुण्यांच्या वर्तनाचीही जबाबदारी परवानाधारकाची राहील, जिन्यात व सामाईक जागेत थुंकायचे नाही, आणि धुरामुळे जादा रंगकाम किंवा पडदे-गाद्यांची सफाई करावी लागल्यास बिलाप्रमाणे खर्च डिपॉझिटमधून वळता होईल, असे स्पष्ट कलम घालता येते. त्याला जोड म्हणून ताबा देताना भिंती, छत, एसी व बेसिन यांचे तारखेसह फोटो काढून दोघांच्या सह्यांची यादी करावी लागते. ती नसली की जाताना डिपॉझिटवरून होणारा वाद हमखास ठरलेला असतो. ऐपतीसाठी पगारपत्रक किंवा पालकांची हमी आणि वर्तनासाठी आधीच्या घरमालकाशी एक फोन, ही साधने आडनावापेक्षा कितीतरी अधिक सांगतात.

या अटी सर्वांना सारख्या लावल्या तरच त्यांना अर्थ राहतो. कुटुंबप्रमुख हॉलमध्ये सिगारेट ओढत असेल आणि त्याला ‘फॅमिली’ म्हणून सूट मिळत असेल, तर छतावरचा पिवळा थर त्या सुटीची दखल घेत नाही. आणि टपरीवर जाऊन ओढणारी मुलगी घरात अट पाळत असेल, तर तिच्याविषयी तक्रारीला जागा उरत नाही. वाड्याच्या काळात माणूस घरात आला की निघत नसे आणि म्हणून त्याची कुळकथा आधी विचारली जाई. अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारात त्याच्या वागण्यावर बोट ठेवण्याची सोय कायद्याने करून दिली आहे, आणि ती सोय वापरणारा घरमालक आपले घर अधिक चांगले सांभाळतो, शिवाय ज्याचा घराच्या भिंतींशी काही संबंध नाही असा एकही प्रश्न त्याला विचारावा लागत नाही.